बंगळूरचा मळा आणि फौजेचा शिधा

मागचे काही भाग आपण किल्ले, तोफा आणि तह यांवर बोललो. त्यावर एका दर्शकांनी विचारलं, "साहेब, फौज लढते कशी ते कळलं, पण ती जेवते काय?" लष्करात आयुष्य काढलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की खरा प्रश्न हाच आहे. म्हणून आज शिध्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलू : भाजी. ती तोडायची कधी, तोडल्यावर टिकते किती आणि टिकवायची कशी. बोलायचं ते बंगळूरच्या निमित्तानं. एकतर मी इथेच स्थायिक झालोय. दुसरं म्हणजे मळा आणि छावणी या दोन्ही गोष्टी या शहराच्या स्वभावातच आहेत, आणि भाजीकडे बघण्याची दोघांची नजर अगदी वेगळी आहे.

आधी थोडं शास्त्र. वेलीवरून तोडलेली भाजी मेलेली नसते. ती श्वास घेत असते, स्वतःतली साखर जाळत असते, पाणी सोडत असते. उष्णता १० अंशांनी वाढली की हा श्वास साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणून सकाळी सहाला खुडलेली मेथी आणि दुपारी एकला खुडलेली मेथी या दोन वेगळ्या भाज्या आहेत, जुडी एकाच वाफ्यातली असली तरी. मटार, घेवडा, पालेभाज्या जोरात श्वास घेतात, त्यामुळे लवकर संपतात. कांदा, बटाटा, भोपळा सावकाश घेतात. साठवण म्हणजे दुसरं काय? एकतर हा श्वास मंद करायचा, नाहीतर वाळवून, खारवून, शिजवून तो बंदच करायचा.

आता बंगळूरकडे बघा. समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटर उंची. उन्हाळ्यातही रात्र सुसह्य, हिवाळा नावापुरता, आणि पाऊस दोन हप्त्यांत. एप्रिल-मेमध्ये वळवाचा, मग जून ते ऑक्टोबर मोसमी. अशा हवेत मळा बाराही महिने चालतो. एक वाफा उतरला की शेजारचा तयार होतो. ज्याच्या मळ्यात रोज भाजी आहे, त्यानं ती साठवायची कशासाठी? जुन्या बंगळूरचं कोठार म्हणजे मळाच. इथल्या माळ्यानं कमावलेली विद्या साठवणीची नाही, तोडणीची आहे. साठवण या गावाकडे आली ती बहुतेक बाहेरून. कोरड्या मुलखांतून आली, आणि फौजांबरोबर आली.

एक अपवाद आहे आणि तो शहराच्या नावातच सांगितला जातो. होयसळ राजा वीरबल्लाळ शिकारीला गेला, वाट चुकला, एका म्हातारीनं त्याला उकडलेले दाणे खायला दिले, म्हणून गावाचं नाव पडलं 'बेंदकाळूरु', म्हणजे उकडलेल्या दाण्यांचं गाव. गोष्ट गोड आहे, पण इतिहासाला ती मान्य नाही. शहराच्या दक्षिणेला बेगूर आहे. तिथल्या नागेश्वर मंदिरातला वीरगळ इसवी सन ८९० च्या सुमाराचा आहे, म्हणजे वीरबल्लाळाच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधीचा. त्यावर 'बेंगळूरु' हे नाव कोरलेलं आहे आणि ते एका लढाईचं म्हणून आलेलं आहे. तेव्हा दाण्यांची कथा नंतरची. पण ती लोकांना खरी का वाटली, हे बघण्यासारखं आहे. म्हातारीकडे अवेळी आलेल्या पाहुण्यासाठी मळ्यातली भाजी नव्हती. घरात होते ते दाणे. हा पदार्थ खरोखरच घरात असायचा.

इथे त्याला 'अवरेकाळु' म्हणतात, आपला पावटा-वाल याच कुळातला. जुनं देशी वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. पावसाळ्यात पेरा, शेंगा येणार थंडीतच. डिसेंबर-जानेवारीत बाजारात शेंगांचे ढीग लागतात आणि गिऱ्हाईक शेंग हातात घेऊन आधी नाकाला लावतं. सालीवरच्या तेलकट वासाला इथे 'सोगडु' म्हणतात. सोगडु नसेल तर शेंग परत ढिगात. हिरवे दाणे भिजवून, चिमटीत दाबून साल काढली की झालं 'हितकिद बेळे'. आपण वालाचं बिरडं करतो त्याचीच ही बहीण, फक्त आपण आधी मोड काढतो. उरलेल्या शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या आणि खुळखुळा वाजला की झोडपायच्या. ते दाणे कडक उन्हात तापवून, एरंडेलाचा हात लावून किंवा राखेत घोळवून ठेवले तर वर्ष निघतं. राख आणि एरंडेल कशासाठी, तर भुंग्यासाठी. भुंगा बाहेरून येतो असं आपल्याला वाटतं, पण बहुधा तो शेतातूनच शेंगेत अंडं म्हणून घरी आलेला असतो. म्हणून आधी ऊन आणि मग राख. क्रम उलटा केला तर डब्यात पीठ सापडतं.

आता मळा. केंपेगौडानं १५३७ मध्ये पेठ वसवली, तेव्हा वाहती मोठी नदी जवळ नव्हती. म्हणून गावाभोवती तळी बांधली. पाणी अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं, आणि तळ्याच्या खाली विहिरी खणून भाजीचे मळे करायचे, अशी ती व्यवस्था. हे मळे प्रामुख्यानं तिगळ समाजानं केले. स्वतःला वह्निकुल क्षत्रिय म्हणवणारा हा बागायतदार समाज. चैत्र पौर्णिमेला निघणारा बंगळूरचा प्रसिद्ध करगा त्यांचाच, जुन्या पेठेतल्या धर्मरायाच्या देवळातून निघतो. त्यांची वस्ती म्हणून पेठेत तिगळरपेठ हे नावही टिकून आहे. लालबागेत काय, या मळ्यांत काय, हात त्यांचेच.

लालबाग हैदरअलीनं १७६० मध्ये सुरू केली, टिपूनं वाढवली. टिपू पडल्यावर वर्षभरातच, १८०० मध्ये, फ्रान्सिस ब्यूकॅनन हा डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या हुकमानं म्हैसूर मुलूख बघत हिंडत होता. त्यानं इथल्या बागांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. सुरूसारख्या उंच झाडांच्या कडा असलेल्या वाटा, वाटांनी पाडलेले चौकोन, आणि चौकोनांत फळझाडं व भाजीपाला. एका चौकोनात एकच जात, ही तऱ्हा त्यानं मुद्दाम नोंदवली आहे. मला हे वाचताना परेड ग्राउंडच आठवतं. एका जातीचा एक वाफा असला की पाणी एकदम देता येतं आणि तोडणीही एकदम करता येते. सुलतानाच्या मुदपाकखान्याला माल पुरवायचा तर असंच हवं. घरच्या परसात मात्र चार वांगी, दोन दोडके, कडेला कोथिंबीर अशीच खिचडी बरी. घराला रोज थोडं थोडं लागतं.

आता आपल्या मुलखाकडे वळतो, कारण साठवणीची खरी शाळा तिथे आहे. देशावर आठ महिने कोरडे. नगर, सोलापूर, मराठवाडा इथल्या बायकांनी मळा बाराही महिने चालेल असं कधी गृहीत धरलं नाही. थंडीत हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून सावलीत वाळवायचा आणि वैशाखात भिजवून त्याची पातळ भाजी करायची. गवारी वाळवायच्या, मेथी वाळवायची. डाळीत कोहळा किंवा काकडी किसून घालून सांडगे. ताकात भिजवून, मीठ-मसाला भरून वाळवलेल्या मिरच्या, त्या तर इथेही 'बाळक' या नावानं घरोघरी आहेत. धान्याला पेव आणि कणगी, कांद्याला चाळ. चाळीचं तंत्र बघा : वारा खालून आणि बाजूंनी खेळायला हवा, कांद्यावर थेट ऊन-पाऊस नको, थर फार उंच नको. पात निम्मी आडवी पडली की कांदा काढायचा, पातीसकट सावलीत सुकवायचा, मान आवळली की बोटाच्या पेराएवढं देठ ठेवून कापायचा. मान ओली राहिली तर तिथूनच सड आत शिरते. बंगळूरचा स्वतःचा कांदाही आहे, लहान, चपटा, गर्द गुलाबी, 'बेंगळूरु रोझ'. त्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण तो तिखटजाळ, त्याचं गिऱ्हाईक सिंगापूर-मलेशियाकडे. रोजच्या सांबारासाठी यशवंतपूरच्या बाजारात नाशिक-नगरचा कांदा उतरतो. मळ्याच्या गावाला चाळीच्या गावचा कांदा लागतो, यात मला नवल वाटत नाही. इथली पावसाळी दमट हवा कांद्याला मानवत नाही.

कोरड्या मुलखाचं हे शहाणपण आणि बंगळूरचा मळा यांची गाठ एकदा रणांगणावर पडली. साल १७९१. तिसरं म्हैसूर युद्ध. लॉर्ड कॉर्नवॉलिस मार्चमध्ये बंगळूरवर आला. ७ मार्चला पेठ घेतली, २१ मार्चला किल्ला. मेच्या सुरुवातीला तो श्रीरंगपट्टणकडे निघाला. टिपूनं वाटेतला मुलूख आधीच उजाड केला होता. धान्य हलवलं, चारा जाळला, माणसं काढून नेली. त्यात पाऊस लवकर आला आणि तोफा ओढणारे बैल पटापट मरू लागले. १५ मेला अरकेऱ्याला लढाई झाली, इंग्रजांनी ती जिंकली. आणि जिंकलेली फौज उपाशी होती. पुढ्यात कावेरीच्या पाटांवर पोसलेला, एरवी हिरवागार मुलूख, आणि शिपायाला पोटभर भात नाही. बैल उरले नाहीत म्हणून मेच्या चौथ्या आठवड्यात कॉर्नवॉलिसनं आपल्याच वेढ्याच्या मोठ्या तोफा फोडून टाकल्या आणि माघार धरली.

माघारीच्या वाटेवर समोरून घोडेस्वार दिसले. टिपूचेच असणार म्हणून इंग्रज सज्ज झाले. ते होते परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांचे मराठे. इतकी मोठी फौज जवळ आली आहे याची कॉर्नवॉलिसला बातमीच नव्हती, कारण टिपूच्या स्वारांनी जासुदांच्या वाटा तोडल्या होत्या. ही भेट मेलुकोट्याजवळची. पुढे म्हैसूरचा रेसिडेंट झालेला मार्क विल्क्स आपल्या इतिहासात मराठ्यांच्या छावणीतल्या बाजाराचं वर्णन करतो. काय नव्हतं तिथे! काश्मिरी शाली, विलायती कापड, बर्मिंगहॅमचे चाकू, हिरे, गरीब पोरीच्या कानातली लुटीची चांदी, बैल, मेंढरं, कोंबड्या, आणि कोकणातले सुके खारे मासे. विल्क्सच्या लिहिण्याला तिरकस धार आहे, लुटारूंचा बाजार म्हणून तो हिणवतोही. दरही बाजारवाल्यांनी चढे लावले. पण त्या रात्री इंग्रजांची फौज जेवली ती याच बाजारामुळे.

माझ्या दृष्टीनं सगळ्या यादीत महत्त्वाचे ते सुके मासे. विचार करा, कोकणच्या किनाऱ्यावर खारवलेला मासा घाट चढून, धारवाडचा लांबलेला वेढा बघून, तुंगभद्रा ओलांडून कावेरीकाठी येतो आणि तरीही विकला जातो. हिरे लुटीत मिळतात, खारवलेला मासा मिळत नाही. तो कुणीतरी महिनोन्महिने आधी मीठ लावून, उन्हात घालून, राखण करून तयार केलेला असतो. कॉर्नवॉलिसच्या फौजेकडे तोफा उत्तम होत्या आणि तिचा भरवसा होता वाटेत मिळेल त्यावर. मराठ्यांची फौज आपला बाजार, आपले बंजारे आणि टिकणारा माल घेऊन चालत होती. मराठी लष्कराच्या बाजारबुणग्यांची आपणच खूप थट्टा करतो. पानिपतच्या संदर्भात ती रास्तही आहे. १७९१ मध्ये मात्र त्याच बुणग्यांनी दोस्ताची फौज वाचवली, हेही एकदा जमेला धरायला हवं.

पण नुसता टिकणारा शिधा पुरतो का? याचं उत्तर सव्वाशे वर्षांनी इराकमध्ये मिळालं आणि त्याची किंमत मराठी घरांनी मोजली. पहिल्या महायुद्धात जनरल टाउनशेंडची सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन कुत-अल-अमारा इथे वेढली गेली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. धान्य मापून मापून पुरवलं, पण ताजी भाजी नव्हती. काही आठवड्यांत हिंदी शिपायांच्या हिरड्या सुजून रक्त येऊ लागलं, जुन्या जखमा उघडू लागल्या. स्कर्व्ही. क जीवनसत्त्वाचा अभाव. घोड्याचं मांस बहुतेकांनी धर्मासाठी बराच काळ नाकारलं. लोक तटाबाहेरचं गवत, रानपाला खुडून शिजवत होते. क जीवनसत्त्व वाळवताना आणि रटरट शिजवताना मोठ्या प्रमाणावर नष्ट होतं. म्हणजे वाळवणानं पोट भरतं, पण माणूस नीट राहायला हिरवं काहीतरी लागतंच. कोठार आणि मळा दोन्ही लागतात. यातलं एक गेलं तर दुसरं फार काळ तुम्हाला धरून ठेवत नाही.

बंगळूरच्या छावणीत हे इंग्रजांनी आधीच जाणलं होतं. श्रीरंगपट्टणच्या तापाला कंटाळून त्यांनी १८०९ च्या सुमारास फौज इथे हलवली. हवा चांगली, तळी भरलेली, आणि हाताशी पिढीजात माळी. गोऱ्या शिपायाला कोबी, फ्लॉवर, गाजर, बटाटा, घेवडा हवा होता, तो मळ्यांनी पिकवून दिला. विलायतेहून आलेल्या गोष्टीला कन्नडमध्ये 'सीमे' लावतात. केरोसीन म्हणजे 'सीमे एण्णे'. आपली विलायती चिंच इथे 'सीमे हुणसे'. तसंच 'सीमे बदनेकायी', विलायती वांगं, म्हणजे चोचो. ही मूळची मेक्सिकोकडची वेल. ती इथे रुजवण्याचं श्रेय लालबागेचे अधीक्षक जॉन कॅमेरॉन यांना देतात. ते १८७४ मध्ये आले आणि ३४ वर्षं राहिले. तमिळ लोक तर चोचोला 'बेंगळूर कत्तरिक्काय', बंगळूरचं वांगं म्हणतात. परकी वेल इतकी इथली झाली.

या विलायती भाज्यांनी माळ्याची एक गोष्ट मात्र काढून घेतली, ती कुणी फारशी बोलत नाही. दुधी, दोडका, वांगं, अवरे यांचं बी माळी स्वतः राखत असे. पहिल्या बहरातलं एखादं ठसठशीत फळ वेलावर ठेवायचं, त्याला खूण बांधायची, पूर्ण जून होऊ द्यायचं. वाळलेला दोडका चुलीवर धुरात टांगला की बी आतल्या आत सुरक्षित. पुढच्या हंगामाचं कोठार घरातच. कोबीचं तसं नाही. त्याला फुलोरा यायला कडक थंडी लागते, ती बंगळूरात मिळत नाही. म्हणून बी दर वर्षी डोंगराळ थंड मुलखातून किंवा समुद्रापलीकडून यायचं. गड्डा माळ्याचा, बी दुसऱ्याचं. रसदीच्या भाषेत सांगायचं तर तोंडाशी भाकरी आपली आणि दारूगोळा परक्याचा.

साठवणीची पुढची मोठी उडी पुन्हा फौजेनंच मारायला लावली. टिकणारं अन्न शोधणाऱ्याला फ्रेंच सरकारनं १२,००० फ्रँकचं बक्षीस लावलं होतं. निकोला अपेर या हलवायानं बाटल्यांत अन्न भरून, बूच घट्ट लावून, त्या उकळत्या पाण्यात ठेवून ते १८१० मध्ये मिळवलं. अन्न का टिकतं हे त्याला ठाऊक नव्हतं. ते पाश्चरनं नंतर सांगितलं. आपल्याकडे या विद्येचं माहेर झालं बंगळूरजवळचं म्हैसूर. १९५० मध्ये तिथे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था राजघराण्याच्या चेलुवांबा महालात सुरू झाली आणि १९६१ च्या डिसेंबरात संरक्षण खात्याची अन्न प्रयोगशाळा. हिमालयातल्या चौकीवर उघडलेलं भाजीचं पाकीट पुष्कळदा त्या प्रयोगशाळेच्या अभ्यासातून गेलेलं असतं. टिपूच्या मुलखानं फौजा उपाशी मारल्या आणि त्याच मुलखानं पुढे फौजेला जेवू घातलं.

मी लडाखमध्ये दोन हिवाळे काढले आहेत. तिथे रस्ते उन्हाळ्यात उघडतात तेव्हा सहा-सात महिन्यांचा साठा वर चढवायचा, त्याला आम्ही 'ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग' म्हणत असू. पिठाची, डाळीची काळजी नसते. जीव टांगणीला लावतो बटाटा. गोठला की सुटल्यावर त्याचा चिखल होतो. गोठला नाही, पण चार अंशांच्या खाली महिनोन्महिने राहिला तर आतल्या पिठाची साखर होते आणि भाजी गोडसर लागते. फार ऊब दिली तर कोंब. म्हणून बटाट्याची कोठी जमिनीत खोल आणि वर मातीचा जाड थर. एक सुभेदारसाहेब म्हणायचे, "साहेब, आलू की पोस्टिंग हमसे अच्छी है." स्थानिक लडाखी लोक हे शतकानुशतकं करत आलेत. खड्डा खणून मुळा, सलगम, गाजर, बटाटे मातीत पुरतात, कोबी मुळासकट उपटून तळघरात उलटा टांगतात. आमची कोठी त्यांच्याच खड्ड्याची मोठी आवृत्ती होती.

आता परत बंगळूरला, गच्चीवर. इथे भाजी पिकवणाऱ्यांची मोठी जमात आहे, मीही त्यातला. बरेच जण विचारतात, कुठलं खत, कुठली कुंडी. तोडणीबद्दल फार थोडे विचारतात. म्हणून या प्रदीर्घ इतिहासातून माझ्या हाती राहिलेलं सांगतो. तोडणी पहाटे, दव उडताच, आणि तोडलेलं लगेच सावलीत. भेंडीचं टोक कटकन मोडलं पाहिजे. वाकलं तर दोन दिवस उशीर झाला. वांग्याची चकाकी गेली की आत बी धरलं. दुधीत नख सहज रुतावं. टोमॅटोला गुलाबी छटा आली की तोडला तरी घरात नीट पिकतो, मात्र फ्रीजमध्ये ठेवू नका. १० अंशांच्या खाली त्याची चव मरते. लाल भोपळ्याचा देठ बुचासारखा कोरडा झाला की चार बोटं देठ ठेवून कापा, देठ मोडला तर त्या भोपळ्याची रवानगी आधी चुलीवर. बटाटे अंधारात, नाहीतर हिरवे होतात आणि ते खाऊ नयेत. कांदा-बटाटा एकत्र ठेवू नका. केळी, पिकलेले टोमॅटो पालेभाजीपासून लांब ठेवा, त्यांच्यातून निघणाऱ्या वायूनं पाला पिवळा पडतो. पालेभाजी ओल्या फडक्यात, पण धुऊन नव्हे. दुहेरी विटांच्या भिंतीत ओली वाळू भरून केलेला थंड कप्पा दिल्लीच्या पुसा संस्थेनं १९८० च्या दशकात काढला, विजेशिवाय चालतो. सोलापूरला तो झकास चालेल. जुलैतल्या बंगळूरला नाही, कारण हवा आधीच ओली. आणि टिकण्याचा नमुनाच बघायचा असेल तर इथल्या दारांवर बघा. दृष्ट लागू नये म्हणून टांगलेला कोहळा, 'बूदु कुंबळकायी', वर्षभर लोंबकळत असतो. सालीवरची पांढरी मेणासारखी पूड त्याला राखते.

गच्ची किती पुरणार, हा प्रश्न मला प्रामाणिकपणे पडतो. चार कुंड्यांवर एक कुटुंब जगत नाही. शहराची भाजी आता कोलार, चिक्कबळ्ळापूर, होसूरकडून ट्रकनं येते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पहिले काही दिवस बाजारांचं काय झालं, आठवून बघा. लष्करी नजरेनं पाहिलं तर हे शहर म्हणजे लांब रसदमार्गावरची फौज आहे, जिच्याजवळ मराठ्यांचा बाजारही नाही आणि तिगळांचा मळाही नाही. घरोघरचा फ्रीज म्हणजे चार दिवसांचा शिधा, तोही वीज असली तर.

मळे गेले ते एका दिवसात नाही. १८९६ च्या सुमारास हेसरघट्ट्याहून नळाचं पाणी आलं आणि गावातल्या तळ्यांची गरज कागदावर संपली. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मॅजेस्टिकचं बसस्थानक आहे. ज्या संपंगी तळ्याखाली मळे होते, तिथे कंठीरव स्टेडियम आहे. तिथे एका कोपऱ्यात तळ्याचा लहानसा चौकोन राखून ठेवलेला आहे, कारण करग्याच्या विधीला ते पाणी लागतं. बाकीच्या तळ्यावर धावपट्टी आहे. चैत्रात इथे येणं झालं तर दोन्ही बघून या. पावसाळा असेल तर आमच्या गच्चीवरची भेंडी आहेच, फक्त सात वाजायच्या आत या.

जय हिंद.